केल्टिक वॉरियर्स: चौथ्या क्रमांकावर आलेला संघ बंद का पडला?

२००३ च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये व्यावसायिक रग्बीचा एक नवा प्रादेशिक संघ उभा राहिला. २००४ चा जून लागला आणि त्या संघाची कंपनी अवसायनात काढली गेली, म्हणजे कायमची गुंडाळली गेली. मधल्या एकमेव मोसमात त्याने बारा संघांच्या लीगमध्ये चौथा क्रमांक पटकावला आणि पुढे युरोपचा विजेता ठरलेल्या संघाला त्याच्याच मैदानावर जाऊन हरवलं. हरत हरत बंद पडलेले क्लब जगभर शेकड्यांनी सापडतील. चांगला खेळत असताना ज्याला टाळं लागलं असा क्लब विरळाच, आणि म्हणून हे प्रकरण मुळापासून तपासायला हवं.

क्लबचं नाव, गावं आणि वर्षं खरी आहेत. मालक आणि पदाधिकारी यांचा उल्लेख मात्र मी त्यांच्या भूमिकेनेच करतो, कारण त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं असतं तरी पेच तोच राहिला असता. खेळाडू आणि प्रशिक्षक यांची नावं घेतली आहेत, कारण त्यांची कामगिरी सांगितल्याशिवाय नेमकं काय गमावलं ते कळत नाही.

पार्श्वभूमी

दक्षिण वेल्स म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. अरुंद दऱ्या, दरीत एकाला एक लागून वसलेली गावं आणि गावागावात रग्बीचा क्लब. पाँटिप्रीदचा क्लब १८७६ चा, ब्रिजेंडचा १८७८ चा. दोन्ही गावांत अंतर तीसेक किलोमीटरचं, पण रग्बीच्या मैदानावर एकमेकांचे जुने हाडवैरी. पाँटिप्रीदचं सार्डिस रोड हे मैदान पाहुण्या संघांना नको वाटायचं. ब्रिजेंडने जे. पी. आर. विल्यम्ससारखा फुलबॅक (सर्वांत मागे खेळणारा बचावपटू) घडवला, ज्याचं नाव वेल्समध्ये आजही आदराने घेतलं जातं.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन हा पंधरा खेळाडूंचा रग्बीप्रकार अधिकृतपणे व्यावसायिक झाला. तोवर खेळाडू खाणीत, कारखान्यात, शाळेत नोकरी करून खेळत. आता त्यांना पगार द्यायचा होता, आणि एवढ्याशा देशात पगार देऊ पाहणारे नऊ क्लब होते: कार्डिफ, स्वॉन्झी, नीथ, लानेल्ली, न्यूपोर्ट, एबू व्हेल, केर्फिली, ब्रिजेंड आणि पाँटिप्रीद. सगळ्या वेल्सची लोकसंख्या त्या वेळी तीस लाखांहून थोडी कमी होती. प्रेक्षक तेवढेच, प्रायोजक तेवढेच, खर्च मात्र नऊ जागी. त्यातच १९९९ च्या विश्वचषकासाठी कार्डिफमध्ये मिलेनियम स्टेडियम उभं राहिलं. वास्तू देखणी झाली, पण तिच्या कर्जाचं ओझं वेल्श रग्बी युनियनच्या, म्हणजे वेल्समधल्या रग्बीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, मानेवर बसलं.

शेजारच्या आयर्लंडने वेगळी वाट धरली होती. तिथे युनियनने व्यावसायिक खेळ चार प्रांतांपुरता ठेवला: मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनाक्ट. खेळाडूंचे करार युनियनच्या हातात. अल्स्टरने १९९९ मध्ये युरोपचा हायनेकन कप जिंकला, मन्स्टर २००० आणि २००२ मध्ये अंतिम फेरीत पोचलं. वेल्सच्या नऊ क्लबांपैकी एकालाही तो कप जिंकता आला नव्हता. आणि २००३ च्या सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत वेल्सचा राष्ट्रीय संघ पाचही सामने हरला, रोममध्ये इटलीकडूनसुद्धा. त्या हारीनंतर 'आहे तसं चालू द्या' म्हणणाऱ्यांचं तोंड बंद झालं.

अडचण

युनियनच्या नव्या मुख्य कार्यकाऱ्याने नऊ क्लबांच्या जागी थोडेच प्रादेशिक संघ करायचं ठरवलं. आर्थिक हिशेब बिनचूक होता. पण आयर्लंडचे प्रांत शतकानुशतकं लोकांच्या मनात आहेत, आणि त्या प्रांतांच्या नावाने रग्बी व्यावसायिकतेच्या कितीतरी आधीपासून खेळली जाते. वेल्समध्ये तसा प्रांत नव्हता. निष्ठा होती ती गावावर, क्लबच्या जर्सीच्या रंगांवर आणि शेजारच्या गावाला हरवण्याच्या ईर्ष्येवर. प्रदेश नव्याने घडवायचे होते आणि तेही दोन-तीन महिन्यांत, कारण पुढचा मोसम तोंडावर आला होता.

त्यातून अवघड भाग होता तो मधल्या दऱ्यांचा. पाँटिप्रीद आणि ब्रिजेंड हे मरायला टेकलेले क्लब नव्हते. पाँटिप्रीदने २००२ मध्ये वेल्श कप जिंकला होता आणि त्याच वर्षी युरोपच्या दुय्यम स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती. ब्रिजेंडने २००२-०३ चं वेल्श विजेतेपद मिळवलं होतं. म्हणजे एक ताजा कपविजेता आणि एक ताजा लीगविजेता, आणि दोघांना सांगितलं जात होतं की आता तुमचा एकच संघ. ब्रिजेंडच्या पाठीशी खिशात हात घालायला तयार असलेला स्थानिक उद्योजक मालक होता. पाँटिप्रीदकडे खेळाडूंची परंपरा होती, खच्चून भरणारं मैदान होतं, पण तिजोरी रिकामी होत चालली होती.

समोरचे पर्याय

नऊ क्लब तसेच ठेवणं कोणालाच परवडणारं नव्हतं, त्यामुळे तो पर्याय चर्चेतून लवकर बाद झाला. युनियनच्या मनात मुळात चार प्रदेश होते. मोठ्या क्लबांचं म्हणणं असं की संख्या कमी करा, पण आम्हाला कोणाशी जोडू नका. लानेल्ली आणि कार्डिफ यांनी हा हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही आणि त्यांना एकट्याने उभं राहायला परवानगी मिळाली. उरलेल्यांच्या जोड्या लावल्या गेल्या: नीथ आणि स्वॉन्झीचे ऑस्प्रेज, न्यूपोर्ट आणि एबू व्हेलचे ड्रॅगन्स, पाँटिप्रीद आणि ब्रिजेंडचे वॉरियर्स. केर्फिली व्यावसायिक नकाशावरून पुसलं गेलं.

चारचे पाच झाले ते या ओढाताणीत. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हाच. ज्यांना चारच संघ परवडतात असं वाटत होतं, त्यांनी तडजोड म्हणून पाच मान्य केले, पण पाचवा कुठल्या पैशावर चालणार हे ठरवलं नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पाचातला एक जास्तीचा होता. तो कोणता, एवढंच ठरायचं बाकी होतं.

दुसरा पेच मालकीचा. जोडी लावल्यावर नव्या कंपनीत कोणाचा किती वाटा? पन्नास-पन्नास. ऐकायला न्याय्य वाटतं आणि वाटाघाटीच्या टेबलावर लवकर मान्यही होतं. पण ज्याने सामाईक विहीर पाहिली आहे त्याला अर्ध्या-अर्ध्या हिश्श्यातली गोम माहीत असते. पाणी अर्धं अर्धं हे कागदावर लिहिता येतं. मोटर बिघडली तर दुरुस्तीचे पैसे कोण भरणार, एका भावाने हिस्सा विकायचा म्हटलं तर आधी कोणाला विचारायचं, हे लिहिलेलं नसतं आणि भांडण नेमकं तिथेच पेटतं. वॉरियर्सच्या बाबतीत एका वाटेकऱ्याकडे पैसा होता, दुसऱ्याकडे नव्हता. अशा भागीदारीत समान हिस्सा फार काळ समान राहत नाही.

नावाचाही विचार झाला. गावांची नावं घेतली तर एकाचं आधी, दुसऱ्याचं नंतर. म्हणून दोन्ही गावं गाळली गेली. प्रदेशाचंही नाव घेतलं नाही. उरलं ते 'केल्टिक वॉरियर्स', जे स्कॉटलंडच्या किंवा आयर्लंडच्या कुठल्याही संघाला तितकंच शोभलं असतं. ऱ्होंडा, कायनॉन, मर्थर या दऱ्यांतल्या माणसाला त्या नावात आपलं असं काही सापडत नव्हतं. ड्रॅगन्सच्या बाबतीत न्यूपोर्टच्या लोकांनी आणि पाठीराख्यांनी गावाचं नाव संघाच्या नावात आणण्याचा आग्रह धरला आणि पुढे ते आणवलंच. वॉरियर्ससाठी असं भांडायला दोन्ही गावं एकत्र आली नाहीत.

काय केलं गेलं

मैदानावरचं काम उत्तम झालं, हे आधी सांगितलं पाहिजे. प्रशिक्षक लिन हाउल्स पाँटिप्रीदकडचे, त्यांच्या जोडीला ॲलन लुईस ब्रिजेंडकडचे. दोन वैरी ड्रेसिंग रूम एकत्र करायच्या, त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात विश्वचषक, म्हणजे वेल्सकडून खेळणारे सगळे ऐन मोसमात बाहेर. तरीही संघ जमला. कर्णधार गॅरेथ थॉमस हा ब्रिजेंडच्या पंचक्रोशीतला. नील जेंकिन्स पाँटिप्रीदचा, आंतरराष्ट्रीय रग्बीत हजार गुणांचा टप्पा ओलांडणारा पहिला खेळाडू, कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात घरच्या मुलखात परतलेला. त्या मोसमात त्याने गोलपोस्टवर मारलेल्या सलग ४४ किक चुकल्या नाहीत. तो त्या वेळचा विक्रम होता. किक मारताना जेंकिन्सची नजर चेंडू, पोस्ट, पुन्हा चेंडू अशी ठरलेल्या क्रमाने जायची, घाई शून्य. चाळीस मीटरवरूनही स्टँडमधले लोक पंचांचा झेंडा वर जायच्या आधीच टाळ्या वाजवायला लागायचे.

हायनेकन कपमध्ये वॉरियर्सच्या गटात इंग्लंडचा वास्प्स, फ्रान्सचा पेर्पिन्याँ आणि इटलीचा कालव्हिसानो होते. वास्प्स म्हणजे त्या काळातला इंग्लंडचा सर्वांत कणखर संघ. वॉरियर्सनी त्यांना हाय विकमला त्यांच्या मैदानावर जाऊन हरवलं. पुढे मे २००४ मध्ये ट्विकनमला तुलूझला २७-२० ने हरवून हाच वास्प्स युरोपचा विजेता झाला. वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या संघांच्या केल्टिक लीगमध्ये वॉरियर्स चौथे आले: लानेल्ली पहिले, ड्रॅगन्स तिसरे, आणि ऑस्प्रेज व कार्डिफ या दोन वेल्श संघांच्या वर वॉरियर्स.

मैदानाबाहेर मात्र एकेक गाठ सुटत गेली. मूळ समज असा होता की सामने सार्डिस रोड आणि ब्रुअरी फील्ड या दोन्ही ठिकाणी होतील. मोसमाच्या ओघात ते ब्रिजेंडच्या ब्रुअरी फील्डकडे सरकले. हा मालकाचा निर्णय होता, आणि पैसे तोच घालत असल्यामुळे त्याला अडवणारं कोणी नव्हतं. त्याच्या बाजूनेही विचार करून पाहतो. दोन मैदानं राखायची म्हणजे दुप्पट खर्च, आणि एक मैदान त्याचं स्वतःचं. पण पाँटिप्रीदच्या माणसाच्या नजरेने पाहा. आधी क्लब गेला, मग नाव गेलं, आता मैदानही गेलं. उरला तो वैऱ्याच्या गावात, वैऱ्याच्या मैदानावर खेळणारा संघ, आणि त्यासाठी तीस किलोमीटर जाऊन तिकीट काढायचं. बरेच जण गेले नाहीत. ज्या प्रेक्षकांच्या भरवशावर प्रदेश आखला होता त्यातला निम्मा भाग असा हातचा गेला. हा दुसरा निर्णायक क्षण, आणि तो निव्वळ टाळण्याजोगा होता.

तिसरा क्षण आला तो पाँटिप्रीदचा आर्थिक डोलारा कोसळला तेव्हा. त्यांचा अर्धा हिस्सा मोसम चालू असतानाच त्यांच्या हातून गेला आणि अखेरीस तो युनियनकडे आला. म्हणजे आता वॉरियर्सचे दोन धनी: एक ब्रिजेंडचा उद्योजक, दुसरी स्वतः युनियन. इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. युनियन ही पाचही संघांना पैसे वाटणारी संस्था. तिच्या हिशेबात चार संघ असते तर प्रत्येकाला जास्त पैसे मिळाले असते. अशी संस्था पाचव्या संघाची अर्धी मालक झाली. हितसंबंधांचा असा गुंता झाल्यावर कोणीतरी त्रयस्थ माणूस मध्ये घालायला हवा होता. तसं काही घडलं नाही.

मालकाचा खर्च वाढत होता, उत्साह ओसरत होता. बाहेर पडण्याची भाषा सुरू झाली. २००४ च्या वसंतात समोर जे मार्ग होते त्यातले निदान तीन खरे होते. नवा गुंतवणूकदार शोधणं हा एक, पण त्याला वेळ लागला असता आणि अर्धी मालकी युनियनकडे असताना कोणी पुढे येणं कठीण होतं. दुसरा म्हणजे युनियनने संघ पूर्ण ताब्यात घेऊन आयर्लंडसारखा स्वतः चालवणं. तिसरा, बंद करणं.

युनियनने मालकाचा हिस्सा साडेबारा लाख पौंडांना विकत घेतला. ही रक्कम उरलेल्या चार प्रादेशिक संघांनी भरली, प्रत्येकी ३ लाख १२ हजार ५०० पौंड. मग युनियनने जूनच्या सुरुवातीला वॉरियर्स अवसायनात काढले.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतो तो हा व्यवहार. चार स्पर्धकांनी वर्गणी काढून पाचवा विकत घेतला आणि बंद केला, आणि त्या बदल्यात युनियनच्या पैशातला त्यांचा वाटा मोठा झाला, वर खेळाडूही मोकळे झाले. बेकायदेशीर यात काही नव्हतं. चारही संघांना आपापलं पोट होतं आणि लीगमधला तगडा वेल्श प्रतिस्पर्धी नाहीसा होत असेल तर ते नाही का म्हणतील? पण ज्यांचा फायदा होणार त्यांच्याच पैशाने हा निकाल लागला, आणि ज्यांचं नुकसान होणार होतं त्या दऱ्यांतल्या लोकांना, खेळाडूंना, कर्मचाऱ्यांना त्या टेबलावर खुर्चीच नव्हती. विक्रीनंतर खुद्द मालकानेही जाहीर नाराजी व्यक्त केली. पण तोवर सही झालेली होती.

परिणाम

खेळाडू विखुरले. गेथिन जेंकिन्स आणि रॉबर्ट सिडोली कार्डिफला, रायन जोन्स आणि ब्रेंट कॉकबेन ऑस्प्रेजला, केविन मॉर्गन ड्रॅगन्सला. गॅरेथ थॉमस तुलूझला गेला. नील जेंकिन्स निवृत्त झाला. हूकर (पुढच्या फळीत मधोमध खेळणारा) मेव्हिन डेव्हिसची गत सर्वांत वाईट झाली. तो वेल्सचा आंतरराष्ट्रीय खेळाडू, पण त्याला वेल्समधल्या चारही संघांपैकी एकानेही पूर्णवेळ करार दिला नाही. संघ बंद झाल्याचं जूनमध्ये कळलं, तोवर बाकीच्यांच्या यादीतल्या हूकरच्या जागा भरलेल्या होत्या. तो नीथकडून अर्धवेळ व्यावसायिक पातळीवर खेळला, आणि मग इंग्लंडच्या ग्लॉस्टरने त्याला उचललं.

आता १९ मार्च २००५ ची तारीख घ्या. कार्डिफमध्ये सिक्स नेशन्सचा सामना, वेल्स विरुद्ध आयर्लंड. जिंकलं तर १९७८ नंतरचं पहिलं ग्रँड स्लॅम, म्हणजे स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं. सामना सुरू होऊन फार वेळ झालेला नाही. आयर्लंडचा रोनन ओ'गारा किक मारायला जातो आणि गेथिन जेंकिन्स, पुढच्या फळीतला भलाथोरला प्रॉप, हात वर करून अंगावर धावून येतो. चेंडू त्याच्यावर आपटून मागे उडतो. जेंकिन्स थांबत नाही, पायाने चेंडू पुढे ढकलतो, त्याच्या मागे धावतो आणि गोलरेषेपलीकडे त्यावर झेपावतो. गोलरेषेपलीकडे असा चेंडू टेकवणं म्हणजे ट्राय. उत्तरार्धात दुसरा ट्राय केविन मॉर्गनचा. वेल्स ३२-२० ने जिंकतं. दोन्ही ट्राय माजी वॉरियर्सचे. त्या दिवशी सुरुवातीला उतरलेल्या पंधरा जणांत जेंकिन्स, मेव्हिन डेव्हिस, कॉकबेन, सिडोली, रायन जोन्स आणि मॉर्गन असे सहा जण एक वर्षापूर्वी वॉरियर्सच्या जर्सीत होते. स्पर्धेच्या सुरुवातीचा कर्णधार गॅरेथ थॉमस पॅरिसमध्ये अंगठा मोडून बाहेर बसला नसता तर सात झाले असते.

या विजयाचा उपयोग बंद करण्याच्या निर्णयाच्या समर्थनार्थ केला जातो: पाहा, चार संघ केले आणि लगेच ग्रँड स्लॅम आलं. मला हा युक्तिवाद पटत नाही. ते सहा खेळाडू सार्डिस रोड आणि ब्रुअरी फील्डवरच्या व्यवस्थेने घडवलेले किंवा जोपासलेले होते. २००५ चं पीक २००४ च्या आधी पेरलेलं होतं. चार संघांमुळे पैसा एकवटला हे खरं, पण त्याचं फळ एका वर्षात मिळत नाही.

गावांचं काय झालं? कागदावर पाँटिप्रीद आणि वरच्या दऱ्या कार्डिफच्या प्रादेशिक संघाच्या, कार्डिफ ब्लूजच्या, प्रदेशात गेल्या, ब्रिजेंड ऑस्प्रेजच्या. ब्लूजनी सार्डिस रोडवर काही सामने खेळवून पाहिले, पण ते रुजलं नाही. पाँटिप्रीद क्लब मात्र संपला नाही. खालच्या, अर्धव्यावसायिक पातळीवर त्याने २०१२ ते २०१५ सलग चार वेळा वेल्श प्रीमियरशिप जिंकली. लोकांना रग्बी हवीच होती, फक्त आपल्या नावाची हवी होती. ब्रिजेंडचा क्लब रेव्हन्स नावाने खेळत राहिला. वॉरियर्सच्या माजी मालकाने थोड्याच काळात ब्रुअरी फील्डवर तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा संघ आणला, केल्टिक क्रूसेडर्स. तो पुढे वरच्या श्रेणीपर्यंत पोचला, उत्तर वेल्सला हलला आणि २०११ मध्ये तोही विराम पावला.

चार संघांनी वेल्सचा आर्थिक प्रश्न सुटला असंही नाही. ड्रॅगन्स इतके अडचणीत आले की २०१७ मध्ये युनियनने तो संघ मैदानासकट ताब्यात घेतला. एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफच्या क्लबवर प्रशासक नेमण्याची वेळ आली आणि तोही युनियनने घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनियनने चारचे तीन संघ करण्याचा निर्णय जाहीर केला.

काय वेगळं करता आलं असतं

ड्रॅगन्सचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण 'युनियनने संघ स्वतः चालवणं शक्यच नव्हतं' असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे. २०१७ मध्ये जे करता आलं ते २००४ मध्येही करता आलं असतं, निदान दोन वर्षांच्या मुदतीसाठी. अर्धी मालकी हातात होतीच. उरलेली अर्धी त्यांनी विकत घेतलीच. पैसे मोजून पूर्ण मालक झाल्यावर चालवणं आणि मोडणं हे दोन्ही मार्ग मोकळे होते.

आयर्लंडमध्ये याच सुमाराला काय घडलं तेही पाहण्यासारखं आहे. जानेवारी २००३ मध्ये आयरिश युनियनने पैशाअभावी कॉनाक्ट हा चौथा प्रांत व्यावसायिक पातळीवरून बंद करण्याचा विचार पुढे आणला. पश्चिम आयर्लंडमधून लोक डब्लिनला आले, युनियनच्या दारापर्यंत मोर्चा नेला, आणि तो बेत बारगळला. २०१६ मध्ये एडिनबरात लेन्स्टरला २०-१० ने हरवून कॉनाक्टने लीग जिंकली. फरक दोन गोष्टींत होता. कॉनाक्टच्या लोकांना बंद करण्याचा प्रस्ताव आधी कळला, म्हणून मोर्चा काढायला वेळ मिळाला. आणि मोर्चात येणारा प्रत्येक जण कॉनाक्टचाच होता, अमुक गावचा किंवा तमुक गावचा नव्हता. वॉरियर्सच्या बाबतीत पाँटिप्रीदचे लोक तोवर दूर गेलेले होते. सार्डिस रोडवर निम्मे सामने होत राहिले असते तर २००४ च्या जूनमध्ये रस्त्यावर उतरायला दोन गावं असती. मैदानाचा तो निर्णय मला म्हणूनच विक्रीच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

करारात काय असायला हवं होतं? एका वाटेकऱ्याला हिस्सा विकायचा झाला तर दुसऱ्या गावाच्या क्लबला किंवा पाठीराख्यांच्या मंडळाला आधी विचारण्याचं बंधन, आणि पैसे उभे करायला ठरावीक मुदत. घरच्या सामन्यांची दोन मैदानांतली विभागणी लेखी, दोघांच्या संमतीशिवाय न बदलणारी. आणि ज्या संघांना एखादा संघ बंद झाल्याने थेट फायदा होतो त्यांना त्या निर्णयासाठी पैसे पुरवायची मनाई. यातली पहिली दोन कलमं २००३ मध्ये दोन्ही गावांनी आग्रह धरला असता तर मिळाली असती असं मला वाटतं, कारण तेव्हा युनियनला त्यांच्या सहीची गरज होती. सही झाल्यावर ती गरज संपली.

नावाबद्दल मी आग्रही नाही. चांगल्या नावानेही दिवाळखोरी थांबत नाही. पण ऱ्होंडा किंवा टॅफ यांपैकी एखाद्या नदीचं, दरीचं नाव घेतलं असतं तर दोन गावांपैकी कोणीच हरलं नसतं, आणि एवढी गोष्ट सुचायला पैसा लागत नव्हता.

आणि बंद करायचंच ठरलं होतं, तर ते कधी सांगायचं हा वेगळा निर्णय होता आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं. व्यावसायिक रग्बीत पुढच्या मोसमाचे करार हिवाळ्यात आणि वसंतात होतात. फेब्रुवारीत सांगितलं असतं तर प्रत्येक खेळाडूला चार महिने मिळाले असते. फिजिओ, किट सांभाळणारा, तिकीट खिडकीवरचा माणूस यांनाही दुसरीकडे अर्ज करता आले असते. जूनमध्ये सांगितल्यामुळे ज्यांची नावं मोठी होती त्यांना जागा मिळाली, आणि मेव्हिन डेव्हिससारखा आंतरराष्ट्रीय हूकर अर्धवेळ रग्बी खेळत करार शोधत फिरला.